तानुबाईची भिंत

"बठ्ठं बरं शे, सिस्टर," तानुबाई म्हणाली आणि खाली बसली. सगळं ठीक आहे म्हणायला तीन शब्द, आणि तिन्ही खोटे.

देवपुरातल्या त्या शाळेत सिस्टर रोझलिन मुख्याध्यापिका होऊन आल्या, तेव्हापासून हे नवंच सुरू झालं होतं. महिन्याच्या बैठकीत आधी झाडू मारणारीनं बोलायचं, मग शिपायानं, मग शिक्षकांनी, आणि शाळा समितीचे बडे लोक सर्वांत शेवटी. आमच्या चर्चची शिकवणच तशी आहे, सिस्टर सांगायच्या. काम कोणतंही असो, करणाऱ्याचा मान सारखाच. आणि ज्याला सर्वांत कमी विचारलं जातं त्याला आधी विचारायचं. ऐकायला फार गोड. पण ज्याला आधी बोलावं लागतं त्याच्यावर काय वेळ येते, हे शिकवणीत कुठं लिहिलेलं नसावं.

समोरच समितीचे अध्यक्ष प्रेमराजभाऊ बसले होते. त्यांच्याच शब्दावर तानुबाईला ही नोकरी लागली होती. तिची दिपमाला इथंच चौथीत शिकत होती, तीही त्यांच्याच चिठ्ठीवर. आणि पाण्याच्या नळामागची ती उंच भिंतही प्रेमराजभाऊंनीच बांधून दिलेली होती.

त्या भिंतीला तडा गेला होता. रंगाखाली तो कुणाला दिसत नव्हता, पण रोज ओल्या फडक्यानं भिंत पुसणारीला दिसणारच की! तानुबाईचं माहेर साक्रीकडचं, मातीच्या भिंतींचं धाब्याचं घर. भिंत चिरली की तिचे आबा ओल्या मातीची टिकली चिरेवर आडवी थापायचे. टिकली वाळून तशीच राहिली तर भिंत शांत. मधोमध फाटली तर भिंत चालतेय. तानुबाईनं गुपचूप तसंच केलं. सकाळी टिकली दुभंगलेली. नवी थापली, तीही दुभंगली. तिसरीसुद्धा!

आणि तरी ती म्हणाली, बठ्ठं बरं शे.

शिपाई बोलून झाला, एक बाई फळ्याबद्दल काही सांगू लागल्या आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली. खिडकीतून पहिलीची पोरं नळाकडे पळताना दिसली. एकमेकांना ढकलत, भिंतीला पाठी टेकवत ती ओळीत उभी राहिली. तानुबाई कशी उठली, तिलाच कळलं नाही.

"सिस्टर, मी खोटं बोलनू. ती भीत फाटी ऱ्हायनी. पोरेसले तठून काढा, माले भ्याव वाटस!"

सिस्टर बाहेर धावल्या. पोरांना मागे घेतलं, नळांचं पाणी टाकीपासूनच बंद केलं, नळाभोवती दोरी बांधून घेतली. परत आल्या तेव्हा धाप लागली होती.

प्रेमराजभाऊ मात्र हसत होते. "तानुबाई, इंजिनिअर कधी झालीस तू? माझी नात मोहिनी याच शाळेत पहिलीत आहे. मी कच्ची भिंत बांधेन?" मग हसू आवरून म्हणाले, "सोमवारी माणूस बोलावतो. पण भिंत धड निघाली, तर बदनामी करणाऱ्याचंही काय ते ठरवा, सिस्टर."

तो दिवस गुरुवारचा. तानुबाईनं जाताना नवी टिकली थापली.

शुक्रवारी ती अखंड होती. शनिवारीही. पोरं घरून बाटल्या आणायची आणि दोरीकडे बघून फिदीफिदी हसायची. शिपाई तिला "इंजिनिअरबाई" म्हणू लागला. रविवारी दिपमालानं विचारलं, "माय, माले शाळामातून काढी टाकतीन का?" तानुबाई पोरीच्या वेणीला तेल लावत राहिली आणि मनात एकच चाललं होतं: पड गं बाई, एकदाची पड. मग तिची तिलाच धडकी भरली. आठवडाभर जिच्या पडण्याच्या भीतीनं झोप उडाली, तिच्याच पडण्यासाठी आता देवाला साकडं घालायचं?

सोमवारी सकाळी ती सर्वांआधी शाळेत आली. टिकली तशीच. वाळून खडखडीत, पण अखंड. तिनं इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. अंगठा टिकलीवर टेकला. एवढंसं दाबलं की काम झालं. नोकरी राहिली, दिपमालाची शाळा राहिली. तिला रडूच फुटलं. तिनं हात मागे घेतला आणि थेट सिस्टरांचं दार गाठलं.

"सिस्टर, गुरुवारपशी माटी फाटनी नही. भीत थांबनी. मी खोटी पडसू."

सिस्टरांचाही चेहरा उतरला. समितीला उत्तर त्यांनाच द्यायचं होतं. "मलाही भीती वाटते, तानुबाई," त्या म्हणाल्या. "पण हेही त्यांना सांगू. जे आहे ते सांगायचं."

दहा वाजता प्रेमराजभाऊ इंजिनिअरला घेऊन आले. तानुबाईनं टिकलीचं सगळं सांगितलं, न फाटल्याचंही. इंजिनिअर हसला नाही. त्यानं भिंतीच्या बुडाशी लोखंडी सळई टेकवली आणि जोर दिला. सळई हातभर आत गेली, लोण्यात जावी तशी.

"खाली नुसता भराव आहे," तो सावकाश म्हणाला. "गळक्या नळांचं पाणी मुरून तो खचत होता. पाणी थांबलं म्हणून भिंत थांबली. नळ बंद कोणी केले? नाहीतर हा आठवडा निघाला नसता."

प्रेमराजभाऊंचा चेहरा पांढरा पडला. "पाया भरला म्हणून सांगितलं होतं मला मिस्त्रीनं," ते पुटपुटले. "मी बघायलाच आलो नाही." मग नळाकडे बोट करून ते तानुबाईकडे वळले, आता तिच्याच बोलीत. "मोहिनी आठेच पानी पेये का?"

"हाऊ, भाऊ. रोज."

काही न सुचून प्रेमराजभाऊ नळाच्या ओट्यावर टेकायला गेले, त्याच भिंतीखाली. तानुबाई दोरी ओलांडून धावली. आजवर ज्यांच्यासमोर मान वर केली नव्हती, त्यांचा दंड तिनं दोन्ही हातांनी धरला आणि जीव खाऊन ओढलं.

"भाऊ, तठे बसू नका!"