जंताची गोळी आणि एरंडेल

"आजी, तुमच्या रक्तात औषध दिसतच नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्या घेता ना?"

"नाही, कुंडीतल्या झाडांना घालते!" मी म्हटलं.

माझ्या पोटातल्या कॅन्सरवर, पोरांना देतात तेच जंताचं जुनं औषध चालतं का, हे बघायचा त्यांचा प्रयोग. चाळीस जण होतो. नेहमीचे उपचार चालूच, वर ह्या गोळ्या. कागदावर मी सही ठोकली होती, अंगठा नाही.

"पुढच्या वेळीही असंच आलं, तर तुम्हाला प्रयोगातून काढावं लागेल."

शेजारी सून बसली होती. तिनं तोंड उघडलं.

"आई, गोळीनंतर ती बाटली कसली उघडता?"

"एरंडेलाची. चमचाभर."

मी चार पोरं वाढवली, सगळ्यांचे जंत मीच पाडले. पहाटे अनशापोटी गोळी, मागून एरंडेल, की पोट स्वच्छ. ती रीत मला कोण शिकवणार?

"पण आजी, ही गोळी तुपालोण्याच्या जेवणावर घ्यायची. तरच रक्तात उतरते. कागदावर लिहिलंय की!"

सून कागद वाचून दाखवत होती, तेव्हा मीच तिला गप्प केलं होतं, मला येतं वाचता म्हणून. आता खोटं रेटावं, तर नाव कटणार.

"वाचला नाही मी कागद," मी म्हटलं. "तिसरीत शाळा सुटली. अक्षरं मुंगीएवढी, मला नाही लागत."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. सगळं लिहून घेतलं आणि नर्सला सांगितलं, बाकीच्या सगळ्यांना फोन करून विचारा. आणखी पाच जण अनशापोटीच घेत होते. त्यात एक चांगले हेडमास्तर! ते ऐकून मला दोन घास जास्त गेले.

पुढच्या तपासणीत औषध रक्तात दिसलं. माझं नाव राहिलं. गाठीचं काय ते तीन महिन्यांनी कळेल. डॉक्टरीणबाई वचन देत नाहीत, मी मागत नाही.

सकाळी सून पावावर लोणी लावते.

"आई, बास का?"

"लाव अजून. औषध आहे ते, तुझ्या माहेरचं नाही जात काही."

"माहेरी इतकं खाणारं कुणी नव्हतंच," ती म्हणाली, आणि आणखी थापलं.