हट्टी गुंतवळ

भाचीनं कुत्रं दारात आणून उभं केलं आणि टेलिफोनबाईंच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "अगं बाई, हे केवढं गुंतवळ!"

कुत्र्याचं खरं नाव प्रिन्स होतं म्हणे. प्रिन्स कसला डोंबलाचा! फणीतून काढून टाकावं तसं करडं, कुरळं, चहूबाजूंनी वाढलेलं प्रकरण. डोळे केसांत, कान केसांत. गुंतवळ हे नाव पडलं ते पडलंच.

"अर्धा पूडल आहे, मावशी," भाची म्हणाली. ती बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यात कामाला होती.

"आणि उरलेला अर्धा?"

"ते त्याच्या आईला ठाऊक! अकरा वर्षांचा आहे. मालकीणबाई लेकाकडे राहायला गेल्या, तिथे कुत्रं चालत नाही. मग दोन घरांत दिला, दोन्हीकडून परत आला. फॉर्मवर कारण एकच. हट्टी." भाचीचा आवाज खाली आला. "तिसऱ्यांदा परत आला ना, तर या वयात त्याला कुणी विचारणार नाही. उरलेले दिवस पिंजऱ्यातच. आठवडाभर ठेवून बघा. रविवारी मी येतेच."

टेलिफोनबाईंना कुत्रं अजिबात नको होतं. हवं होतं ते मशीनकाकांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना. ते एव्हाना जमिनीवर मांडी ठोकून बसलेसुद्धा होते आणि गुंतवळनं त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली होती. निवृत्तीनंतर नवऱ्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद बाईंनी पाहिला नव्हता. म्हणून त्या फक्त "बघू" म्हणाल्या.

या बाईंचं सगळं आयुष्य आवाजावर गेलेलं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर एकतीस वर्षं. रडणाऱ्या नातेवाइकाला शांत करावं ते त्यांनी आणि फोन न उचलणाऱ्या डॉक्टरला जागेवर आणावं तेही त्यांनीच. पण घरी त्या आवाजाला काडीची किंमत नव्हती. काका छापखान्यात चाळीस वर्षं मशीनवर होते आणि मशीननं त्यांचे कान खाल्ले होते. श्रवणयंत्र बिस्किटांच्या डब्यात पडलेलं. "त्यात भांडी ऐकू येतात, माणसं येत नाहीत," असं काकांचं म्हणणं. मग बाई प्रत्येक गोष्ट तीनतीनदा सांगायच्या, तिसऱ्यांदा ओरडून. ओरडून ओरडून माणूस किती बोलणार? हळूहळू "जेवायला चला" आणि "गोळी घ्या" एवढंच उरलं. बाकीचं सगळं बाईंच्या पोटात साठत गेलं. काका कशालाही "हं, हं" करून मान डोलवायचे.

आणि आता हे गुंतवळ!

सोमवारी बाईंनी त्याला बोर्डावरच्या खास मधाळ आवाजात हाक मारली. ढिम्म! मंगळवारी जरा करड्या आवाजात. ते पायपुसण्यावर पाठ करून बसलं. बुधवारी त्या अशा काही ओरडल्या, की वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी खिडकीतून "ओ, काय झालं?" म्हणून विचारलं. कुत्र्यानं मात्र मान वळवायचेही कष्ट घेतले नाहीत. वर गुरुवारी बाईंच्या चपलेचा पट्टा खाल्ला.

खरा संताप याचा नव्हताच. संताप याचा होता, की काकांपुढे हेच कुत्रं शहाण्या बाळासारखं वागायचं. बसायचं, उठायचं, दाराशी थांबायचं. "खायला मी घालते, घाण मी काढते," बाई ओट्याशी धुसफुसायच्या, "आणि शेपूट हलते ती यांच्यापुढे! एवढी काय मी वाईट आहे?" शेवटचं वाक्य म्हणताना त्यांनी नळ मोठा सोडला.

शनिवारी सकाळी त्यांनी भाचीला फोन केला. "उद्या येताना पिंजरा घेऊन ये. मला नाही जमायचं." काका समोरच पेपर वाचत होते. ऐकू काही आलं नाही, पण बायकोचा चेहरा त्यांनी पाहिला. पेपराची घडी घातली आणि गुंतवळशेजारी जाऊन बसले.

दुपारी स्वयंपाकघरातलं ताटाळं भिंतीतून निखळलं. खिळा केव्हाचा ढिला होता. बारा ताटं, आठ वाट्या आणि एक परात एकदम फरशीवर आली. मास्तर पुन्हा खिडकीत आले. बाई धावत आल्या.

तीन हातांवर गुंतवळ झोपलं होतं. त्याचा केससुद्धा हलला नाही.

बाई बघतच राहिल्या. मग त्यांनी परात उचलली, त्याच्यामागे जाऊन तिच्यावर पळी बडवली. काही नाही. पाय आपटला, तेव्हा फरशी हादरली आणि कुत्र्यानं डोळे उघडले.

"अरे देवा!" बाई मटकन खाली बसल्या. "ठार बहिरा आहेस तू! आणि मी मेली आठवडाभर तुझ्यावर आवाज चढवतेय!" कानांवर एवढं जंगल वाढलेलं, कळणार तरी कुणाला?

पण मग काकांचं कसं कळतं याला? बाई मागच्या दारात गेल्या. काका अंगणात कुंड्या हलवत होते. जागं झालेलं गुंतवळ त्यांच्याकडे बाहेर गेलं आणि बाईंनी आठवड्यात पहिल्यांदाच नीट पाहिलं. काका बोलतच नव्हते. तळवा खाली दाबला, कुत्रं बसलं. मूठ मिटली, जागेवर थांबलं. दोन बोटं छातीशी ओढली, जवळ आलं.

छापखान्यात चार मशीनं धडधडत असायची. तिथे कुणाचं बोलणं कुणाला ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे कामगार हातांनी बोलायचे. बाईंना हे ऐकून माहीत होतं. पाहिलं कधीच नव्हतं.

"अहो," त्यांनी काकांचा दंड धरून कानाशी ओरडून सांगितलं, "कुत्रं बहिरं आहे!"

"काय सांगतेस!" काका चकित झाले. "मला वाटलं, हुशार आहे."

बाईंनी कपाळावर हात मारला आणि त्या खो खो हसत सुटल्या. एका बहिऱ्याला दुसरा बहिरा आठवडाभर ओळखू येऊ नये!

हसू ओसरल्यावर त्या काकांसमोर पायरीवर बसल्या आणि स्वतःचे दोन्ही हात पुढे करून म्हणाल्या, "शिकवा." काकांना शब्द ऐकू आला नसावा, पण हात दिसले. मग संध्याकाळपर्यंत शिकवणी चालली. हळू. थांब. कागद संपला. चहा आला. साहेब आला, गप्प बसा! बोट हवेत गोल फिरवलं की 'मशीन चालू राहू दे, बंद करू नको.' बाईंची बोटं जाडी, पण एकतीस वर्षं बोर्डावर नाचलेली. पटापट शिकल्या.

रविवारी भाची पिंजरा घेऊन हजर झाली. पिंजरा पाहिल्याबरोबर काका उठले, खुंटीवरचा पट्टा काढला आणि भाचीकडे न देता हातातच धरून उभे राहिले. भांडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. डोळे मात्र भरून आले होते.

"मावशी, फॉर्मवर काय लिहू?" भाचीनं विचारलं.

बाईंनी पाय आपटला. कुत्र्यानं वर पाहिलं आणि काकांनीही. बाईंनी आधी गुंतवळकडे बघून तळवा खाली दाबला. ते बसलं. पहिल्यांदा, त्यांच्या सांगण्यावरून! मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, बोट वर केलं आणि हवेत गोल फिरवलं.

काकांनी ते बोट पाहिलं. मग त्यांनी पट्टा पुन्हा खुंटीला अडकवला.

"इतक्या वर्षांत," ते म्हणाले, "तुझं बोलणं आज पुरतं कळलं बघ मला. मी नुसताच हं हं करत होतो गं."

"माहीत होतं मला," बाई म्हणाल्या. मग लक्षात येऊन त्यांनी डोळे पुसले आणि तेच हातांनी सांगायचा प्रयत्न केला. जमलं नाही. ती खूण अजून शिकायची होती.

काकांनी नुसतं बोट गोल फिरवलं. बाईंनीही फिरवलं. आणि दोघांची बोटं बघून गुंतवळ आपलं उठलं आणि जागच्या जागी गोल गोल फिरायला लागलं.