हारलनची फट

आमच्या कॅन्ससातल्या छोट्या धावपट्टीवर दर शनिवारी सकाळी वैमानिक जमतात. मी पॅनकेक करते, ते फुशारक्या मारतात. सगळ्यांत भाव हारलन बोमनच्या गोष्टीला. दोन वादळी ढगांमधल्या फटीतून त्याने म्हणे आपलं चार सीटचं विमान सुईत दोरा ओवावा तसं काढलं होतं, आणि कपातली कॉफीसुद्धा सांडली नव्हती.

माझा नवरा डेल हातातला घास तसाच धरून ही गोष्ट ऐकायचा.

"पुस्तकात तर वादळापासून वीस मैल लांब राहा म्हणतात," मी एकदा म्हणाले.

"पुस्तकं लिहिणारे हारलनसोबत कुठे उडालेत?" डेल म्हणाला, आणि सगळे हसले.

गेल्या मे महिन्यातल्या एका शनिवारी डेल आपलं विमान घेऊन विचिटाहून परत येत होता. वाटेत वादळ उभं होतं. धावपट्टीवरच्या रेडिओवर त्याचा आवाज आला, अगदी खुशीत. "लोर्ना, फट दिसतेय. हारलनसारखाच येतो बघ. माझे पॅनकेक ठेव."

फट असेलही स्वच्छ. पण ढगाबाहेरची हवासुद्धा घुसळून निघालेली असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. एक पंख गव्हाच्या शेतात सापडला, बाकीचं विमान पलीकडच्या शेतात. डेलही तिथेच.

वर्षभर हारलन माझ्याशी नजर मिळवत नव्हता. या शनिवारी तव्यापाशी आला.

"लोर्ना, मी त्या गोष्टीतल्या फटीत शिरलोच नव्हतो गं. विमान मागे वळवलं. डॉज सिटीला उतरलो आणि वादळ गेल्यावर घरी आलो."

"मग तसं सांगितलं का नाहीस?"

"घाबरून उतरलो, हे या सगळ्यांना कसं सांगणार?"

म्हणजे या मेल्याने आयुष्यात एकदा शहाणपणा केला, आणि त्याचीच त्याला लाज वाटली. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"आत्ता सांग. सगळ्यांसमोर."

त्याने मान डोलावली आणि टेबलाशी जाऊन बसला.

"हारलन, ती फटीची गोष्ट सांगा ना," एक नवा वैमानिक म्हणाला.

हारलनने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग कप उचलला. "थेंबसुद्धा सांडला नव्हता," तो म्हणाला.

"खोटं बोलतोय," मी तव्यापासूनच ओरडले. "हा डॉज सिटीला उतरून बसला होता. आत्ता मला स्वतः म्हणाला."

हारलन उठून आला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "डेल गेल्यापासून बिचारीचं हे असंच चाललंय," तो सगळ्यांना म्हणाला. कुणीतरी माझ्या हातातून उलथनं काढून घेतलं.

नव्या वैमानिकाने खुर्ची पुढे ओढली.

"किती रुंद होती फट?" त्याने विचारलं.