मनकर्णाकाकूची आठ वर्षं

सोसायटीच्या गोडाऊनमध्ये खताच्या पोत्यांसमोर सतरंजी अंथरली होती आणि चेअरमन सुंदरराव गळ्यात हार घालून खुर्चीत बसले होते. सत्तरीपुढच्या माणसांना सरकारी विम्याचं कार्ड मिळणार, त्यातलं गावातलं पहिलं कार्ड त्यांचं. माणूस त्रेसष्ट वर्षांचा. पण आधारवर बहात्तर. दारात जीप उभी असताना एसटीच्या अर्ध्या तिकिटासाठी ह्यानं वय वाढवून घेतलं होतं, एवढीच त्याची लायकी.

मी आणि बंकटनं दारात बाज टेकवली. बाजेवर बंकटची आई, मनकर्णाकाकू. खरं वय पंच्याहत्तर. चार दिवसांपूर्वी टँकरवर हंडा घेऊन पळताना पडली आणि खुबा मोडला. बीडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा, न्हाईतर बाई परत उभी राहायची न्हाई. खर्चाचा आकडा ऐकून बंकट खाली बसला.

तिथं योजनेच्या खिडकीवर एक पोरगी होती. म्हणाली, "रडताय कावून? सत्तरी झाली असंल तर कार्ड निघतंय. जमीन किती, कमाई किती, कायबी विचारत न्हाईत. योजनेतल्या दवाखान्यात वर्षाला पाच लाखांपर्यंत इलाज फुकट. जुनं दुखणं असलं तरी चालतंय. फक्त आधार द्या."

बंकटनं दिलं. पोरीनं बघून परत सरकवलं. "ह्या तर सदुसष्टच्या हाईत."

"आन मी छप्पनचा हाय, ताई. मंग तिला अकराव्या वर्षी झालो का मी?"

"आधारवर जे वय हाय तेच खरं, दादा."

रेशनकार्डावरच्या योजनेचं विचारलं. त्यातून काकूचं नाव कधीच उडालं होतं, अंगठा उमटत न्हाई म्हणून. तीस वर्षं ऊस तोडल्यावर अंगठ्यावर रेषा राहत्यात व्हय?

आता ही आठ वर्षं गेली कुठं, तर ऐका. मागच्या मोठ्या दुष्काळात जनावरं छावणीत गेली आणि माणसं उसाच्या फडात. कारखान्याला टोळ्या पुरवायचं काम सुंदररावांकडंच होतं. टोळीचा अपघात विमा साठीच्या आतल्यांचाच निघायचा. मग चेअरमननं ह्याच गोडाऊनमध्ये आधार दुरुस्तीचं शिबिर घेतलं आणि सगळ्या म्हाताऱ्यांना एका दुपारी जवान केलं. काकूनं हसत हसत फोटो काढून घेतला. कोयता मिळाला न्हाई तर खायचं काय? बाया एकमेकींना म्हणत होत्या, आता नवा नवरा बघावा लागतोय. आम्ही शहाणे दाराशी उभं राहून दात काढत होतो. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते आणि काकूची ती एकच संधी चेअरमनच्या टोळीत खर्च झाली, हे कुणाच्या बापाला ठाऊक होतं!

पण एक कागद उरला होता. नवरा मेल्यावर काकू सोसायटीची सभासद झाली, त्याला पन्नास वर्षं झाली. नोंदवहीत तेव्हाचं वय लिहिलंय, पंचवीस. आधार खरं धरलं तर ती तेव्हा सतरा वर्षांची, आणि सतराव्या वर्षी कुणी सभासद करत न्हाई. त्या पानाचा उतारा मिळाला असता तर आधारच्या वरच्या कचेरीत पुन्हा दुरुस्तीचा अर्ज टिकला असता. मी तीन दिवस उतारा मागत होतो. चेअरमन म्हणायचे, "सिदू, वही ऑडिटला गेलीय बे." वही त्यांच्या मागच्या कपाटात दिसत होती. उतारा दिला की शिबिरात काय झालं ते उघडं पडणार, ही भीती.

आरोग्य खात्याचे साहेब कार्ड द्यायला उठले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, लपवून काय उपयोग.

"सुंद्या," काकू बाजेवरून म्हणाली.

टाळ्या थांबल्या. त्यांना ह्या नावानं हाक मारणारी गावात ती एकटीच उरली होती.

"वहिनी, कार्यक्रम चालूय. मागून बोलू."

"मी नांदाया आले तवा पंधराची व्हते. ह्या कागदावर तू माझ्याहून पाच वर्षांनी थोरला. म्हंजी तू तवा वीस वर्षांचा गडी." तिनं दम घेतला. "मंग माझ्या वरातीपुढं नागडा कावून पळत होतास रे?"

गोडाऊन फुटलं हसून. साहेबांचा कार्डाचा हात तसाच थांबला. "चेअरमनसाहेब, शाळेचा दाखला आहे का तुमचा?"

सुंदरराव उठून बाजेपाशी आले, वाकले. हार काकूच्या तोंडावर लोंबत होता. दबक्या आवाजात म्हणाले, "काय पायजे, वहिनी?"

"वहीतलं पान. सही-शिक्का मारून. आत्ता."

"आन मंग?"

"मंग ह्या सायबापुढं मी गप."

कपाट उघडलं. ऑडिटला गेलेली वही दोन मिनिटांत परत आली. हार घातलेल्या चेअरमननं स्वतःच्या हातानं उतारा लिहिला, शिक्का मारला. काकू साहेबांना म्हणाली, "म्हातारी झाले सायब, याद ऱ्हात न्हाई. दुसराच कुणी नागडा असंल." साहेबांना पुढच्या गावाला जायची घाई होती. कार्ड दिलं, फोटो काढला, गेले. असले साहेब आणि असले आम्ही.

काकूचं वय दुरुस्त होऊन कार्ड यायला चौतीस दिवस लागले. तोवर हाड वाकडं बसू लागलं होतं. ऑपरेशन फुकट झालं, पण पाय दोन बोटं आखूड राहिला.

चेअरमनचं कार्ड सोसायटीत काचेच्या चौकटीत टांगलंय. काकू काठी टेकत टँकरला जाते, रोज त्या दारापाशी थांबते आणि आत ओरडून विचारते, "सुंद्या, आज चड्डी घातलीस का रे?"

साहेबापुढं गप राहीन, एवढंच तिनं कबूल केलं होतं.