तारण ठेवलेला आकाशपाळणा

चिखलीतली पतसंस्था बुडाली, तेव्हा तिच्या मागच्या आवारात एक आकाशपाळणा खोलून पडला होता. जत्रेत पाळणे लावणाऱ्या एकानं तो तारण ठेवून कर्ज उचललं आणि गावच सोडलं. कागदावर किंमत बारा लाख. भंगारवाले रंगराव म्हणाले, "नव्वद हजार. लोखंडाचा भाव."

प्रशासक म्हणून आलेल्या समताताईंनी इंजिनिअर बोलावला. तो म्हणाला, "फिरला तर पाळणा, नाही तर लोखंडच."

"मंग फिरवून पाहू ना," मंजुळाबाई म्हणाल्या. भाजी विकून जमवलेले त्यांचे पैसे याच संस्थेत अडकले होते.

समताताईंनी परवानगी काढली. ठेवीदारांनी पाळणा देऊळगाव राजाच्या जत्रेत उभा केला, इंजिनिअरनं तपासून दिला. पण बसायला कोणी येईना.

"बुडालेल्या संस्थेचा आहे बे," पोरं हसायची.

शेवटी मंजुळाबाई पदर खोचून स्वतःच बसल्या आणि गर्दीत गंमत पाहत उभ्या असलेल्या रंगरावांना हाक मारली, "या हो रंगराव, लोखंड पाहून घ्या!"

चारचौघांत नाही कसं म्हणणार? रंगराव त्यांच्यासमोर बसले. पाळणा झोकात वर गेला आणि लाईट गेली.

रंगरावांनी डोळे मिटून दांडा घट्ट धरला.

"आता बोला, भाव वाढवता का?"

"बाई, इथं कुठं भाव करता!"

"मले तं इथून बालाजीचं देऊळ दिसून राह्यलं. नव्वद हजारात एवढं दिसते का?"

"दीड लाख."

"तीन." मंजुळाबाई ऐसपैस सरकून बसल्या. पाळणा डुलला.

"तीन, तीन! पण हलू नका!"

लाईट आली. जमिनीला पाय लागताच रंगराव म्हणाले, "वरचं बोलणं वरच राह्यलं."

सगळे खो खो हसले. पण अडकलेली जोडी पाहायला जमलेली गर्दी तिथंच रांगेला लागली, ती जत्रा उठेपर्यंत हटली नाही.

लिलावात जालन्याच्या एका पाळणेवाल्यानं चार लाख बोली लावली. रंगरावांना राहवलं नाही. सव्वाचारला त्यांनीच घेतला.

"तोडता का आता?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"येड्या झाल्या का? चालता पाळणा आहे तो!"

मंजुळाबाईंना ठेवीतली थोडी रक्कम मिळाली. "अन् बाकीचे?"

समताताई जरा घुटमळल्या. "मावशी, तारणात अजून वरातीची एक घोडी आहे. तिची किंमत कोणालाच सांगता येत नाही."

"तिच्यावर तुम्ही बसा," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि पिशवी उचलून बाजाराकडे निघाल्या.