सतराव्या चित्रातली हजेरी

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही एका पांढऱ्या बोगद्यात उताणे पडला आहात. हलायचं नाही, नाक खाजलं तरी नाही. आणि कानाशी कुणीतरी पत्र्यावर हातोडा मारतंय, पाऊण तास. आता डोळे उघडा. तुमच्या जागी एक निवृत्त मास्तर आहेत, वय वर्षं एकाहत्तर. बाहेर बाकावर त्यांची लेक बसली आहे, आणि शेजारी त्यांची नात, ओंजळीत त्यांचा चष्मा, घड्याळ आणि कवळी सांभाळत.

मास्तर बाहेर आले ते कुरकुरतच.

"एवढा गोंगाट माझ्या वर्गात झाला असता ना, तर अख्खा वर्ग बाकावर उभा केला असता."

"आजोबा, आधी दात घाला. काही कळत नाहीये."

मास्तरांच्या आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला कर्करोगाची गाठ होती. सोमवारी ती कापून काढायचं ठरलं होतं. मास्तरांना घाई झाली होती. एकदाचं सुटू, असं ते रोज म्हणत. तेवढी ही एमआरआयची चित्रं बघायची राहिली होती.

दुपारी चित्रं वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिघांना आपल्या खोलीत बोलावलं. पडदे ओढलेले. काकडीच्या चकत्या कराव्यात तसे मास्तरांच्या शरीराचे करडे काप संगणकावर एकामागून एक सरकत होते. नात पुढे वाकली.

"ही काळी भोकं कसली?"

"ते रक्त. शिरांमधून वाहणारं."

"रक्त तर लाल असतं."

"या यंत्राला रंग दिसत नाहीत गं. ते हाक मारतं आणि ओ ऐकतं. शरीरातलं पाणी ओ देतं, त्याचं चित्र होतं. वाहतं रक्त मात्र ओ द्यायच्या आधीच पुढे निघून गेलेलं असतं. म्हणून तिथं काळं."

"म्हणजे हजेरी घेतंय म्हणा की," मास्तर म्हणाले. "आणि माझं रक्त गैरहजर!"

"ते गैरहजर असलेलंच बरं, मास्तर."

मास्तरांनी स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. बराच वेळ ती तशीच राहिली. एकाहत्तर वर्षं हे आत चाललं होतं, एकदाही न थांबता, आणि त्यांनी कधी विचारपूस केली नव्हती.

नात काप मोजत होती. सतराव्यापाशी बाईंचा हात थांबला. गाठीच्या बाजूला, आतड्याच्या भिंतीबाहेर एक शीर होती. ती काळी नव्हती. गाठीसारखीच करडी होती आणि फुगली होती, शेंगेत अळी शिरावी तशी.

"इथं कुणीतरी ओ दिली," नात हळूच म्हणाली.

बाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"बरोबर आहे तिचं. गाठ शिरेत शिरली आहे. शिरेतून ती दुसरीकडे जाऊ शकते. गेलेली अजून कुठं दिसत नाही. पण सोमवारी कापायचं नाही. आधी किरणं आणि औषधं, मग पुन्हा चित्रं. सर्जनशी माझं बोलणं झालंय."

लेकीनं पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"परीक्षा पुढे ढकलली म्हणायची," मास्तर म्हणाले. कुणी हसलं नाही.

घरी रोज जेवणाआधी मास्तर मोठ्यानं "हजेरी!" म्हणत आणि नात असेल तिथून "हजर!" ओरडे. उपचारांच्या त्या चार महिन्यांत त्यांची हाक बारीक होत गेली. मग नात आधीच त्यांच्या खाटेपाशी येऊन उभी राही, ऐकू यावी म्हणून.

पुन्हा तोच बोगदा, तीच खोली. बाईंनी जुनं सतरावं चित्र डावीकडे लावलं आणि त्याच जागेचं नवं उजवीकडे.

करडी अळी नव्हती. तिथं एक काळी रेघ होती, दोऱ्याएवढी.

"तिथं आता नुसता व्रण उरलाय, त्यात पाणी फारसं नसतं म्हणून काळा," बाई म्हणाल्या. "ऑपरेशन करायचंच आहे, आता करता येईल. पुढचं आज सांगता येणार नाही. पण आज इथून कुणी ओ दिली नाही."

मास्तर त्या रेघेकडे बघत राहिले.

"चाळीस वर्षं गैरहजर पोरांच्या घरी जाऊन त्यांना शाळेत आणलं मी," ते म्हणाले. "हा मात्र गैरहजरच बरा." त्यांनी चष्मा काढून पुसला.

बाहेरचा व्हरांडा लांबलचक होता, खिडक्यांतून उन्हाचे पट्टे पडलेले. नात चार पावलं पुढे होती. काठी टेकत मास्तर दारातच थांबले, श्वास घेतला आणि कितीतरी दिवसांनी मोठ्यानं म्हणाले,

"हजेरी!"

नात वळली. तिनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"अगं, आजोबा हाक मारतायत," मागून तिची आई म्हणाली. "ओ दे की!"

नातीनं चपला काढून हातात घेतल्या आणि ओ न देता त्या उन्हातून सुसाट पळत सुटली.