थोरलीची बाटली

देवराम साळवींना नुसतं संशयी म्हणणं म्हणजे त्यांना सूट देणं झालं. दूधवाला पाणी घालतो, लिफ्ट दुरुस्त करणारा जाताना मुद्दाम काहीतरी बिघडवून जातो, सोसायटीची कमिटी टाकीत काय मिसळते देव जाणे, यातलं काहीही ते पुराव्याशिवाय बोलत नसत. पुरावा एवढाच, की 'मला ठाऊक आहे.'

कोलशेतच्या कंपनीतून रिटायर होऊन ते येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहायला आले, तेव्हापासून त्यांचा विश्वास बसला होता तो फक्त मागच्या भिंतीवर येणाऱ्या माकडांवर. त्यातही थोरलीवर. कळपातली सगळ्यात जाणती, एक कान फाटलेली म्हातारी माकडीण. ती त्यांच्या हातून केळं घ्यायची आणि त्यांच्याकडे पाठ करून निवांत खात बसायची. एवढा भरवसा आपल्यावर घरात कोणी दाखवत नाही, असं ते बायकोला, सरोजताईंना, ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत.

कमिटीला मात्र माकडं नको होती. पिंजरे लावून ती लांब सोडून द्यावीत, असा विषय दोनदा निघून बारगळला होता. अशात एका सकाळी मागच्या उंबराखाली एक मुलगी प्लॅस्टिकचा कागद धरून उभी दिसली. वर कळप नुकता जागा होत होता. कागदावर धार पडली, की ती ड्रॉपरनं उचलून छोट्या बाटलीत भरायची आणि बाटलीवर माकडाचं नाव लिहायची.

तिचं नाव आसावरी. डोंबिवलीची, पीएच.डी. करणारी. तिनं देवरामांना सगळं नीट समजावलं. जनावराला न पकडता, सुई न टोचता, नुसत्या लघवीवरून आणि विष्ठेवरून त्याची तब्येत कळते. त्याच्यावर ताण किती आहे, पोटभर खायला मिळतं का, माणसांचं खाऊन साखर वाढली आहे का. देवराम मान डोलवत राहिले आणि त्यांनी एकाही शब्दावर विश्वास ठेवला नाही. माकडाच्या मुतासाठी भल्या पहाटे डोंबिवलीहून कोण येतं? ही कमिटीनंच पाठवलेली.

"आणि एखादं आजारी निघालं तर?" त्यांनी विचारलं.

"मग वनखात्याला कळवावं लागेल, काका."

झालं. देवरामांना हवं ते मिळालं.

त्यांनी तिच्याशी गोड बोलायला सुरुवात केली. सगळ्या माकडांची नावं सांगितली, चहा पाजला. तीन महिन्यांत ती इतकी निर्धास्त झाली, की कळपामागे जाताना बाटल्यांची बर्फाची पेटी त्यांच्याच स्वाधीन करू लागली. एका सकाळी ती दिसेनाशी झाली तशी त्यांनी थोरलीच्या नावाची बाटली काढली, घरी जाऊन बेसिनमध्ये ओतली, स्वच्छ धुतली आणि स्वतः भरली. एकही गोळी चालू नसलेला माणूस. थोरलीला याहून चांगला रिपोर्ट कुठून मिळणार होता?

आठवड्याभरानं आसावरी उतरलेल्या चेहऱ्यानं आली आणि बर्फाची पेटी शेजारी ठेवून उंबराच्या पारावर बसली. थोरलीच्या लघवीत भरमसाट साखर निघाली होती. तपासणीची पट्टी पार काळपट पडली होती. पुन्हा तपासावं म्हटलं, तर त्यानंतर थोरलीचा थेंबही हाती लागला नव्हता. तिनं पीएच.डी.च्या सरांशी बोलून वनखात्याला कळवलं होतं. उद्या पिंजरा येणार होता. या वयात उपचाराला नेलेली माकडीण कळपात परत येईल याची खात्री नाही, हेही तिनं सांगितलं.

देवरामांना आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पकडलं की नाही रंगेहाथ? बाटलीत थोरलीचं काही नव्हतंच, तर साखर आली कुठून? पोरगी सरळ सरळ खोटं बोलत होती.

मग त्यांना अलीकडची रात्रीची सततची तहान आठवली. तिचा दोष त्यांनी टाकीच्या पाण्याला दिला होता. सैल झालेल्या पँटींबद्दल ते लाँड्रीवाल्याशी भांडून आले होते. ते पारावर पेटीच्या या बाजूला बसले. पोरगी खरं बोलत होती. आता गप्प राहिलं तर थोरली जाणार, आणि बोललं तर या वयात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

समोर भिंतीवर थोरली पिल्लाच्या डोक्यातल्या उवा काढत बसली होती.

"ती बाटली थोरलीची नव्हती," देवराम म्हणाले. "माझी होती. मी बदललेली."

आसावरीला समजायला एक क्षण लागला. आधी तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम सुटला. तिनं तिथूनच फोन करून पिंजरा थांबवला. "आजच डॉक्टरकडे जा, काका," ती कळवळून म्हणाली. "साखर खूप आहे तुमची." मग तिची नजर पेटीकडे गेली.

"आणि बाकीच्या बाटल्या?"

"त्यांना हात नाही लावला. आईशपथ."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. ती नजर देवरामांच्या चांगल्या ओळखीची होती. फक्त आजवर ती त्यांच्याकडून लोकांकडे जायची. आपल्यावर रोखलेली ती कशी वाटते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. फार वाईट वाटत होतं.

"इथलं सगळंच टाकून द्यावं लागेल," ती हळूच म्हणाली. "तीन महिन्यांचं."

"अगं, बाकीच्या खऱ्या आहेत. खरंच सांगतोय."

"असतील, काका," आसावरी म्हणाली, आणि तिनं दोघांच्या मधे ठेवलेली पेटी उचलून आपल्या मांडीवर घेतली.